निघालेल्या माणसाला हाक

बाबा घरी असण्याचा तो तिसरा दिवस होता. आईने सकाळीच जाहीर केलं, की आज घरात कुणी भांडायचं नाही.

"मग बोलायचं काय?" बाबा म्हणाले.

"गप्प बसायचं. बोटीवर बसता तसं."

"बोटीवर गप्प? अगं, वीस माणसं जेवायला बसली की माझ्या रश्श्याला काय काय नावं ठेवतात ते ऐकलंस, तर कानात बोटं घालशील."

"ठेवतच असतील. चाखलाय मी तो रस्सा."

माझे बाबा, वॉल्टर स्टॅदर्स, 'पोलर लार्क' या मासेमारीच्या ट्रॉलरवर स्वयंपाकी होते. त्याआधी तीस वर्षं त्यांनी डेकवर काढली, उघड्यावर, बर्फात मासे चिरत. गुडघे गेल्यावर भटारखाना धरला. तीन आठवडे आइसलँडच्या बाजूला आणि तीन दिवस घरी. घरी आले की ते चुलीकडे बघतसुद्धा नसत. निळा सूट चढवायचा, रोडवर जायचं, भेटेल त्याला पाजायचं आणि टॅक्सी दिवसभर बाहेर उभी ठेवायची, मग जायचं ठिकाण दोनशे पावलांवर का असेना. इंग्लंडमधल्या आमच्या हल शहरातली बाकीची माणसं आमच्या लोकांना तीन दिवसांचे लखपती म्हणून हसत. बाबा म्हणत, "हसू देत. त्यांच्या बँकेतल्या साहेबाला एक दिवस तरी मिळतो का?"

रोड म्हणजे हेसल रोड. आम्ही नुसतं रोड म्हणायचो, जणू दुसरा रस्ताच जगात नव्हता. माझा जन्म तिथला, आईचा तिथला, आणि तेव्हा, बहात्तर सालच्या जानेवारीत, मी एकतीस वर्षांची होते आणि रोडवरच्याच वाचनालयात काम करत होते. त्या दिवशी मी रजा घेतली होती. दुपारी बाबा म्हणाले, "चल नोरीन, माझं घर बघून येऊ."

त्यांचं घर म्हणजे ते जिथे वाढले ती गल्ली. नगरपालिकेने ती शरद ऋतूत पाडली होती. आम्ही गेलो तेव्हा विटांचे ढीग, एक उभी राहिलेली भिंत आणि त्या भिंतीवर दुसऱ्या मजल्याच्या उंचीवर अधांतरी लटकलेली एक शेगडी एवढंच उरलं होतं. शेगडीभोवती भिंतीला लावलेला कागद गुलाबाच्या फुलांचा होता.

"ती आईची खोली," बाबा म्हणाले. "नाही, थांब. ती मिसेस डॉसडेलची. आमची त्याच्या पलीकडे." मग बराच वेळ त्यांनी बोट दाखवून घरं मोजली. कुठल्या घरातला कोण कुठल्या बोटीबरोबर गेला, तेही सांगितलं. अकरा घरांत सात माणसं. आजोबा त्यातलेच एक. मी वाचनालयात या वस्तीविषयीची कात्रणं जपून ठेवत असे: गोदी कधी खोदली, मासे धुरावण्याची धुरघरं कधी उठली, दक्षिणेकडच्या किनाऱ्यावरून पहिली मासेमार कुटुंबं कशी आली. पण कुठल्याच कात्रणात घरं अशी मोजलेली नव्हती.

परत येताना बाबा एका दुकानापाशी थांबले आणि काचेत टक लावून बघू लागले.

"बाबा, बायकांच्या कॉर्सेटचं दुकान आहे ते."

"बघू दे की. कळत नाही अजून, हे बांधतात कसं."

त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता. त्यांनी खिशातून छोटी तपकिरी बाटली काढली, एक गोळी जिभेखाली ठेवली आणि काचेला हात टेकून उभे राहिले. आमच्यामागून दोन बायका हसत गेल्या. दोनेक मिनिटांनी त्यांच्या गालांना रंग आला.

"आईला सांगू नकोस."

"तिला माहीत आहे, बाबा."

"आहे. पण आज परत झालं हे सांगू नकोस."

छातीचं दुखणं त्यांना उन्हाळ्यापासून होतं. आम्ही तिघं आणि शहराच्या दुसऱ्या टोकाचा एक डॉक्टर, एवढ्यांनाच ठाऊक. रोडवरच्या डॉक्टरकडे ते गेलेच नाहीत. मालकांच्या कचेरीत कळलं असतं, तर बोटीवर काय, धक्क्यावर मासे उतरवायलासुद्धा त्यांना कुणी उभं केलं नसतं. "सत्तावन्नाव्या वर्षी मी काय करू?" ते म्हणाले होते. "तुझ्या पुस्तकांवरची धूळ झटकू?"

संध्याकाळी आईने पिशवी भरली. बोटीवरची कॅनव्हासची पिशवी चौतीस वर्षं तीच भरत होती आणि त्यात कुणी हात घातलेला तिला चालत नसे. लोकरी मोजे जोडीजोडीने गुंडाळलेले असत. त्यातल्या एका करड्या जोडीच्या टोकात ती गोळ्यांची बाटली दडवायची, म्हणजे दुसऱ्या कुणाच्या नजरेला पडू नये.

जेवताना मी नको तो विषय काढला. मी म्हटलं, बोट सुटायच्या दिवशी घरात कपडे धुवायचे नाहीत, धुतले तर माणूस वाहून जातो, असं जगातल्या किती तरी किनाऱ्यांवर मानतात, आणि माणसं तरीही बुडतात, कपडे धुतले काय नि न धुतले काय.

"बुडतात तर बुडतात," आई म्हणाली. "माझ्या साबणाने नकोत बुडायला."

"म्हणजे तुझा खरंच विश्वास आहे?"

"विश्वासाचं काय गं? तुझ्या आजीने एकदा धुतले. तिला विचार."

आजी मरून वीस वर्षं झाली होती. बाबा माझ्या ताटात बटाट्याची पॅटी वाढत म्हणाले, "नोरीनचं बरोबर आहे, एडना. अगदी बरोबर आहे." मग माझ्याकडे वळले. "फक्त उद्या धुवू नकोस."

आम्ही तिघंही हसलो. आमच्याकडे नियम बरेच होते. निघताना 'येतो' म्हणायचं नाही, म्हणायचं 'बघू'. बायकांनी निरोपाला गोदीत जायचं नाही. आणि उंबरा ओलांडलेल्या माणसाला मागून हाक मारायची नाही. त्यानेही मागे वळायचं नाही. काही विसरलं तर विसरलं. हाक मारून मागे बोलावलेला माणूस परत येत नाही, असं म्हणत.

जेवण झाल्यावर बाबांना पुन्हा दुखलं. आईने मोज्यातून बाटली काढून त्यांना गोळी दिली. नंतर बाटली कुणी कुठे ठेवली, याकडे आमच्यापैकी कुणाचं लक्ष नव्हतं. बाबा बरे झाल्याचं दाखवायला गाणं म्हणत होते आणि आई त्यांना बेसूर म्हणून हिणवत होती.

सकाळी उजाडता उजाडता टॅक्सी आली. आमचा बोळ अरुंद, दोन्हीकडे सहा-सहा घरं, त्यातली पाच रिकामी, दारं विटांनी चिणलेली. टॅक्सी आत येत नसे, ती बोळाच्या तोंडाशी थांबायची. बाबांनी पिशवी खांद्यावर घेतली. आई स्वयंपाकघरात पाठमोरी उभी राहून आधीच स्वच्छ असलेली किटली पुसत होती.

"बघू मग," बाबा म्हणाले.

"बघू."

मला त्यांनी डोक्यावर टपली मारली आणि गेले. मी चहाचा कप विसळायला मागच्या मोरीत गेले. खिडकीच्या कट्ट्यावर, साबणाशेजारी, बाटली होती.

मी ती उचलली आणि पुढच्या दाराशी धावले. दार उघडंच होतं. बाबा बोळाच्या तोंडाशी पोचले होते. ड्रायव्हर मागचं झाकण उघडून पिशवी ठेवायला जागा करत होता आणि बाबा त्याला काहीतरी सांगत हसत होते. त्यांची पाठ माझ्याकडे होती. मध्ये तीस पावलं. समोरच्या घराच्या पायरीवर आयडा मावशी ब्लेन्किन दूध उचलायला वाकली होती. तिने वर पाहिलं, माझं उघडं तोंड पाहिलं, आणि तिच्या चेहऱ्यावर भीती उमटली. मान अगदी थोडी हलवली तिने. नाही.

मी हाक मारली नाही. पळालेही नाही. पळत जाणं म्हणजे हाकच. मी स्वतःला सांगितलं, की पिशवीत दुसरी बाटली असेल. बोटीवर औषधांची पेटी असते, तीत असतील. मी बरंच वाचलं होतं, त्यामुळे मला कारणं भराभर सुचली. ड्रायव्हरने झाकण आपटलं. बाबा बसले. टॅक्सी वळली.

त्यानंतर मी काय केलं, तर अंगात कोट घालून जिन्याच्या पायरीवर बसले. पंचवीस मिनिटं. बाटली कोटाच्या खिशात होती. मग उठून आईकडे गेले आणि म्हटलं, "आई, हे बघ. आत्ता सापडलं. मोरीच्या खिडकीत होतं."

आत्ता, म्हणाले मी.

आईने बाटलीकडे पाहिलं. किटली खाली ठेवली. डोक्याला रुमाल बांधला, माझ्या हातातून बाटली घेतली आणि घरातल्या सपातांवर बाहेर पडली. चौतीस वर्षांत जी बाई बोट सुटताना कधी गोदीच्या वाटेला गेली नव्हती, ती रोडवरून धावत होती. मी तिच्या मागे. मासळीच्या दुकानातली माणसं वळून बघत होती. रुळांखालच्या बोगद्यात तिचा पाय घसरला, गुडघा फुटला, ती उठली. गोदीच्या फाटकातल्या माणसाने विचारलं, "एडना, काय झालं? आज इथे कशाला तू?" ती थांबली नाही.

'पोलर लार्क' धक्क्यावर नव्हती. आम्ही गोदीच्या तोंडाशी, धक्क्याच्या अगदी टोकाला पोचलो, तोवर ती गोदीच्या दारातून बाहेर पडून हंबर नदीच्या पाण्यात गेली होती. पाठ आमच्याकडे, धूर खाली दबलेला. आईने दोन्ही हात तोंडाशी धरले आणि ओरडली, "वॉल्ट! ए वॉल्ट! मागे फिर!"

तिने तीनदा हाक मारली. बोटीवर कुणी वळून पाहिलं नाही. धक्क्यावरच्या माणसांनी मात्र ऐकलं. एकाने मेलेल्यासाठी काढतात तशी टोपी काढली, मग चूक ध्यानात येऊन पुन्हा घातली.

मालकांच्या कचेरीत खलाशी नेमणारा साहेब आमच्या ओळखीचा होता. आईने त्याला सगळं सांगितलं. सांगितलं म्हणजे, दुखणं लपवण्याचा बाबांना दिलेला शब्द तिने मोडला. त्याने दार लावून घेतलं.

"एडना, मी कप्तानाला रेडिओवर कळवू शकतो. पण ते सगळ्या बोटी ऐकणार. मग त्याला पहिल्या बंदरात उतरवतील, आणि नंतर या गोदीत त्याला कुणी घेणार नाही. कुणीच. विचार कर."

"आणि नाही कळवलं तर?"

"तीन आठवडे. याआधी काढलेत ना त्याने?"

"गोळ्या होत्या तेव्हा काढले."

त्याने भरतीचा तक्ता पुढे ओढला. मग म्हणाला, "'मेरी हार्डी' उद्याच्या भरतीला सुटतेय. तिकडेच जाणार, त्याच पाण्यात. कुणी ओळखीचं आहे का तिच्यावर?"

होता. आयडा मावशीचा जावई सिरिल. आईने संध्याकाळी बाटली लोकरीत गुंडाळली, तंबाखूच्या डब्यात घातली, डबा मेणकापडात शिवला आणि त्यावर बाबांचं नाव घातलं. सिरिल उंबऱ्यात उभा राहून म्हणाला, "मावशी, काळजी करू नकोस. समुद्रात आम्ही एकमेकांना काय काय देतो. एकदा तर जिवंत मांजर दिलंय दोरीवरून."

"मांजराचं काय झालं?"

"चावलं मला."

आई हसली. त्यानंतर तिला हसताना मी कधी पाहिलं, ते मला आठवत नाही.

'मेरी हार्डी' त्या पाण्यात पोचायला पाच-सहा दिवस लागणार होते. मी कामावर जात होते. संध्याकाळी घरी आले की आई रेडिओपाशी बसलेली असे. आमच्या घरांतल्या रेडिओचा काटा एका टोकाला नेला, की ट्रॉलरांचे कप्तान एकमेकांशी बोलताना ऐकू येत, खरखर आणि मध्येच शिट्ट्या. सगळा रोड तेच ऐकायचा. कप्तान लबाड असतात, मासे कुठे लागलेत ते कुणी खरं सांगत नाही. पण हवा कशी आहे ते सांगतात.

"वारा वाढलाय," आई म्हणायची. किंवा, "बर्फ धरतंय त्यांच्या दोरांवर." तिने वर्षानुवर्षं ऐकून ऐकून सगळं शिकून घेतलं होतं.

जेवताना ती एकच गोष्ट पुन्हा पुन्हा बोलायची. "मी मोज्यातून काढली. मीच परत घालायला हवी होती. मी साबण घ्यायला गेले असेन, ठेवली असेल तिथे." मग थोड्या वेळाने, "चौतीस वर्षांत एकदा चुकले नाही गं."

मी म्हणायचे, "आई, चूक कुणाचीही होते."

हे मी म्हणायचे. आणि पाव कापायचे.

आठव्या दिवशी संध्याकाळी सहा वाजता आवाज स्पष्ट आला. 'मेरी हार्डी'चा कप्तान 'पोलर लार्क'ला हाक मारत होता.

"तुझ्या स्वयंपाक्यासाठी त्याच्या बायकोने काहीतरी पाठवलंय. कधी येऊ शेजारी?"

नुसती खरखर. मग उत्तर आलं. "स्वयंपाकी आडवा पडलाय कालपासून. छातीत धरलंय. पण शेजारी नको येऊस, फार वारा आहे. दोन्ही बोटी फुटतील. उतरू दे जरा."

आईने रेडिओ दोन्ही हातांनी धरला. जणू तो सोडला असता तर आवाज गेला असता.

"औषध आहे म्हणावं त्यात," ती रेडिओला म्हणाली. "औषध आहे त्यात. सांगा त्याला. गोळ्या आहेत."

त्या माणसांना ते माहीत नव्हतं. आम्हीच सांगितलं नव्हतं. सिरिललाही बाटलीत काय आहे ते आईने सांगितलं नव्हतं, नाहीतर बोलता बोलता बाहेर पडलं असतं. त्यांच्या लेखी तो तंबाखूचा डबा होता, आणि तंबाखूसाठी कुणी वादळात बोटी जवळ आणत नाही.

मी पळत कचेरीत गेले. ती बंद झाली होती. साहेबाच्या घरी गेले, त्याचं दार बडवलं. तो जेवणावरून उठून आला, माझ्याबरोबर परत कचेरीत आला आणि त्याने किनाऱ्यावरच्या रेडिओवाल्यांना फोन लावला. निरोप गेला. आता लपवण्यासारखं काहीच उरलं नव्हतं. मी घरी पोचले तेव्हा आयडा मावशी आणि आणखी चार बायका आमच्या स्वयंपाकघरात उभ्या होत्या. आई तिथेच, तशीच रेडिओ धरून. कुणीतरी तिच्या खांद्यावर शाल टाकली होती.

"जवळ येतायत," आयडा मावशी माझ्या कानात म्हणाली. "कळलंय त्यांना. वाऱ्यातच येतायत."

ते कसं केलं ते सिरिलने नंतर सांगितलं. दोरी तीनदा फेकली, तीनदा वाऱ्याने नेली. चौथ्यांदा 'पोलर लार्क'वरच्या एका पोराने ती झेलली आणि त्याच्या हाताची कातडी सोलून निघाली. आम्हाला यातलं काहीच ऐकू आलं नाही. आम्हाला फक्त शेवट ऐकू आला.

"मिळालं," 'पोलर लार्क'चा कप्तान म्हणाला. "आभारी आहे, दोस्ता. पण त्याला आता उपयोग नाही त्याचा. वीस मिनिटं झाली."

कुणीतरी हात पुढे करून रेडिओ बंद केला. आमच्याकडे अशी बातमी घेऊन खलाशांच्या मिशनचे गृहस्थ येतात. काळा कोट घालून ते रोडवरून चालू लागले की प्रत्येक पडद्यामागे एक बाई उभी असते आणि ते आपल्या दारावरून पुढे जावेत म्हणून देवाला विनवत असते. दुसऱ्या दिवशी सकाळी ते आमच्या बोळात वळले. आईने दार आधीच उघडून ठेवलं होतं, चहाही तयार होता. "या," ती म्हणाली, "दमला असाल."

बाबा बोटीबरोबरच घरी आले. त्यांना पुरलं, आणि रोडवरच्या सगळ्या दुकानांनी अर्धे पडदे ओढले. शहरातला तो डॉक्टर म्हणाला, गोळ्या असत्या तरी कदाचित हेच झालं असतं. कदाचित. मी हा शब्द आईला सांगितला. तिने तो ऐकून घेतला नाही.

कारण तोवर दुसरी गोष्ट सुरू झाली होती. रोडवरच्या बायका आईशी चांगल्याच वागत होत्या. रोज कुणीतरी भांडं घेऊन येई. पण मासळीच्या दुकानात आई शिरली की बोलणं थांबे. धक्क्याच्या टोकावर तिने तीनदा मारलेली हाक सगळ्या गोदीने ऐकली होती. एके दिवशी आयडा मावशी आमच्याकडे बसली असताना रडत रडत म्हणाली, "एडना, तुला राग येईल. माझा तुझ्यावर जीव आहे म्हणून सांगते. निघालेल्याला हाक मारायची नव्हती गं."

आई म्हणाली, "माहीत आहे."

मी तिथेच होते. मी आयडा मावशीकडे पाहिलं. तिने त्या सकाळी मला दारात पाहिलं होतं, तोंड उघडं, हातात काहीतरी. तिने डोळे खाली घातले. माझ्या हातात काय होतं, ते तिला दिसलं होतं की नाही, मला आजही माहीत नाही.

आई बाहेर जायची बंद झाली. मग जेवायची. पातेलं चुलीवर ठेवून त्याच्याकडे बघत बसे आणि जळल्याचा वास आला तरी उठत नसे. नगरपालिकेची चिठ्ठी आली, की आमचा बोळ मे महिन्यात पाडणार आणि आम्हाला शहराबाहेरच्या नव्या वस्तीत घर मिळणार. तिने ती वाचून उलटी ठेवली. "तुला जायचं तर जा," ती म्हणाली. "मी जे केलंय ते इथेच केलंय." तिची मनगटं एवढी बारीक झाली होती, की लग्नातलं घड्याळ कोपरापर्यंत सरकत असे. मी रात्री तिच्या खोलीच्या दाराशी कान लावून तिचा श्वास ऐकू लागले. रोज ठरवायचे, उद्या सांगीन. उद्या तिने सकाळी थोडं खाल्लं की वाटायचं, आज नको.

फेब्रुवारीच्या शेवटी 'पोलर लार्क'चा दुय्यम कप्तान, गिब्नी, बाबांची पिशवी घेऊन आला. आल्यावर लगेच आणायचं धाडस त्याला झालं नव्हतं, एक पूर्ण खेप त्याने ती स्वतःच्या घरी ठेवली होती. आयडा मावशी त्याच्या मागोमाग दारात येऊन उभी राहिली.

आईने पिशवी घेतली आणि चुलीपुढच्या चिंध्यांच्या सतरंजीवर उपडी केली. शर्ट, वस्तरा, भटारखान्यातला ॲप्रन, मोजे. ती गुडघ्यांवर बसली आणि मोजे उलगडू लागली. प्रत्येक जोडी सोडवून, टोकापर्यंत हात घालून.

"दोन असतील," ती म्हणाली. "मी दुसरी घातली असेल. आधीच्या खेपेची थोडी उरलेली असते ना, ती घातली असेल. नेहमी घालते. त्याने बघितलं नसेल. त्याला कुठे काही सापडतं."

"एडना," गिब्नी म्हणाला, "आम्ही सगळं शोधलं होतं. त्या वेळीच."

"तुम्ही मोज्यांत नाही बघितलं."

सगळ्या जोड्या संपल्या. तिने त्या पुन्हा आपल्या मांडीशी ओढल्या आणि पहिल्या जोडीपासून सुरुवात केली. ती नीट, एकेक बोट घालून बघत होती. तिसऱ्यांदा ती पहिल्या मोज्याकडे वळली तेव्हा गिब्नीने तोंड फिरवलं.

मी सतरंजीवर तिच्यासमोर बसले आणि तिच्या हातातला मोजा काढून घेतला. तिने माझ्याकडे पाहिलं. आयडा मावशी दारात होती, गिब्नी चुलीशी. त्यांनी ऐकावं असंच मला वाटत होतं, म्हणून मी मोठ्याने बोलले.

"आई, मी खोटं सांगितलं. बाटली मला टॅक्सी सुटायच्या आधी दिसली होती. मी ती घेऊन दारात आले. बाबा बोळाच्या तोंडाशी उभे होते, ड्रायव्हरशी हसत होते, आणि बाटली माझ्या हातात होती. मला हाक मारायला भरपूर वेळ होता. मी मारली नाही. तू कळताच धावत गेलीस, मी दारातच उभी राहिले. तू नाही विसरलीस, आई. मी त्यांना जाऊ दिलं."